नीराबाईचं दव

म्हसळ्याच्या बाजारात नीराबाईची हाक अर्ध्या कोसावरून ओळखू यायची. बाकीच्या भाजीवाल्या नुसतं "भाजी घ्या भाजी" करत. ही नाकातून, शेवट लांबवत, "दवाचा मुळाऽ, दवाची कोथमीऽर". मला ती हुबेहूब येते. एकदा पिंपळाआडून दिली, तर दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे वळली. नीराबाई म्हणाली, "तोंडाला वाळवी लागंल तुज्या. पन बस इथं, माजा घसा तरी वाचंल."

बाविसाव्या वर्षी नवरा गेला. नदीकाठी तीन वाफे होते, त्यांना डोक्यावरून पाणी घालून तिनं मुलगी वाढवली, दिघीला दिली. भाजी उजाडता खुडायची, त्यामुळे तेव्हा दव खरंच असे. ऊन चढलं की पाला मान टाकायचा, आणि मान टाकलेली जुडी कोण घेतो? मग बाजारामागच्या तळ्याचा हंडा भरून आणायची आणि बोटांनी शिंपडत राहायची.

"दुपारचं पन दव पडतं का गो तुझ्याकडं?" तिची रोजची गिऱ्हाईक जहुराबी विचारायची.

"माज्या टोपलीत पडतं. तुमच्या नशिबात न्हाय, त्याला मी काय करू?"

त्या वर्षी शिमग्याआधी जहुराबीची अमिरुन्निसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. डोहाळे कच्च्या मुळ्याचे. नीराबाईनं कोवळा मुळा निवडला, हंड्यात बुचकळून माती काढली आणि जहुराबीच्या हातात दिला. "पैसं नकोत. पोरीला माज्याकडनं."

वरच्या आळीत पटकीची साथ लागली होती आणि आजाऱ्यांची अंथरुणं त्याच तळ्यावर धुतली जात होती, हे बाजारात कुणाला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी अमिरुन्निसा गेली. पोटातल्यासकट.

मग सरकारी माणूस आला. तळ्यात लाल औषध टाकलं, दवंडी पिटवली. त्याचा आवाज मिशीतून गाळून यायचा. मी लगेच उचलला आणि नीराबाईसमोर उभं राहून म्हटलं, "कच्ची भाजी, खाऊ नये. तळ्याचे पाणी, भाजीवर शिंपडू नये." सगळे हसले.

ती हसली नाही. "परत सांग."

मी परत मिशीतून सांगितलं.

"आता तुज्या आवाजात सांग."

माझ्या आवाजात ते फार हळू निघालं.

त्यानंतर ती येऊन बसायची, पण हाक द्यायची नाही की पाणी मारायची नाही. जुड्या तिच्यासमोर सुकायच्या. मुलगी न्यायला आली तरी गेली नाही. "एक विचारायचं हाय," एवढंच म्हणायची.

पोरीचा चाळिसावा दिवस झाल्यावर जहुराबी बाजारात आली. नीराबाई उठून उभी राहिली.

"जहुराबी, तो मुळा पोरीनं खाल्लान का?"

जहुराबीनं पदर सारखा केला.

"खाल्लान. आवडीनं खाल्लान. मी धुवाया घेत होते, तर हातातून ओढून घेतलान. म्हनली, अम्मा, नीराबायनं धुतलेला हाय."

नीराबाईनं खाली बसून टोपली आवरली. तिच्यात दोनच जुड्या होत्या. तेवढी टोपली डोक्यावर चढवायला तिला जहुराबीचा हात लागला.