हवालदारांची थंड गाडी

हवालदारांची सावली मी काढून घेतली होती. दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या दाराशी, कडुलिंबाखाली, त्यांची जुनी पांढरी व्हॅन उभी असे. महाराष्ट्र दिनाच्या पाहुण्यांची गाडी सावलीत लागावी म्हणून मी, मंडळाचा चिटणीस, काचेवर टकटक करून म्हणालो, "भैया, गाडी हटाओ. यहाँ प्रोग्राम है." आतले मिशीवाले गृहस्थ "जी साहब" म्हणाले आणि त्यांनी व्हॅन समोरच्या उघड्या भिंतीला नेऊन लावली. दुसऱ्या दिवशी मी झाडाखाली पाटी लावली : फक्त सभासदांसाठी.

आठवड्याभराने तोच माणूस फोनवर बोलताना ऐकला. "पन्हं पाठवलंय, पिलीस का? आणि नर्सबाईंशी भांडू नको." भाषा थेट साताऱ्याकडची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मराठी नसते तर वाटलं असतं का, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

मग ओळख काढली; पाटीबद्दल मात्र बोललो नाही. ते फौजेतले निवृत्त हवालदार, ड्रायव्हर. बायको मंडळामागच्याच इस्पितळात, बायकांच्या वॉर्डात. तिला सोडल्यावरही दहा दिवस जवळच, थंड जागी ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांची मुनिरक्यातली भाड्याची खोली चौथ्या मजल्यावर. तिला जिने चढवेनात. म्हणून हवालदारांनी व्हॅनलाच घर करायचं ठरवलं. आरशाजवळ थर्मामीटर टांगलं होतं. "आत बत्तीस झालं की आणतो तिला."

टपाला चुना फासलेला. त्यावर भिजवलेलं गोणपाट, खिडक्यांना वाळ्याचे पडदे, बॅटरीवरचा छोटा पंखा. दर तासाला ते बादली घेऊन टपावर पाणी मारत. म्हणत, "उन्हाशी समोरासमोर भिडायचं नाही. त्याला बगल द्यायची." कॉलनीतली वीज गेली की मिश्किल हसत. "साहेब, तुमचा एसी आता भिंतीवरचं चित्र. माझं गोणपाट ड्युटीवर आहे."

मी त्यांना घरी राहायला बोलावलं. "तुमच्या घरी ती पाहुणी होईल," ते म्हणाले, "पाण्यासाठीसुद्धा संकोच करील. इथं ती मालकीण."

मे महिना भाजून काढत होता. सकाळी ते गाडीचं तोंड फिरवत, दुपारी पुन्हा फिरवत, पडदे भिजवत. पण भिंत दिवसभर आग ओकत असे आणि काटा अडतिसाखाली उतरत नसे. एकदा त्यांना चक्कर आली. मी धावत जाऊन धरलं, तर म्हणाले, "मला काही झालेलं नाही. सहाच अंश राहिलेत." कडुलिंब वीस पावलांवर होता. त्यांनी एकदाही तिकडे बोट दाखवलं नाही.

त्याच संध्याकाळी मंडळाच्या बैठकीत मी पाटी काढायचा विषय मांडला. अध्यक्ष म्हणाले, "अच्छा, लावायची घाई तुम्हालाच होती ना?" मी हो म्हणालो आणि सगळं सांगितलं. पाटी काढायचं ठरलं. बाहेर येऊन मी स्वतः पाटी उपटली आणि हवालदारांना म्हणालो, "चला, गाडी सावलीत घ्या." ते म्हणाले, "चलो." बस, एवढंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी बत्तीस झालं. ते वहिनींना हाताला धरून घेऊन आले. आत ओल्या वाळ्याचा वास दाटला होता. वहिनी पाय पसरून बसल्या, पडद्याला हात लावून म्हणाल्या, "अगं बाई, गारच आहे की! नाहीतर यांच्या थापा असतात."

"हे चिटणीस साहेब," हवालदारांनी माझी ओळख करून दिली. "यांनी जागा दिली."

मी दाराशी उभा होतो. मान डोलवून निघून जाणं सोपं होतं.

"जागा दिली नाही वहिनी," मी म्हणालो. "ही आधी यांचीच होती. भर उन्हात यांना इथून मी हुसकावलं. कोण, कुठले, इथं का राहता, काही विचारलं नाही. वर महिनाभर तोंड लपवलं. हवालदार, माझं चुकलं. मला माफ करा."