चेहरा किती उतरलाय

दक्षिण कोरियातल्या देगू शहराच्या जुन्या वस्तीत योंगरान बावीस वर्षं दारोदार क्रीम विकत होती. दार उघडलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "अगं बाई, चेहरा किती उतरलाय तुमचा." मग गप्प राहायचं. कंपनीच्या प्रशिक्षणात हेच घोटून घेतलं होतं. वाक्य मायेनं म्हणायचं आणि मनात तीन मोजून होईपर्यंत ओठ उघडायचे नाहीत. तेवढ्यात समोरच्या बाईचा हात आपसूक गालाकडे जातो. पिशवी तेव्हा उघडायची. "काय छान दिसताय" हे मात्र तिनं क्रीम घेतल्यानंतर.

यात काही वावगं आहे असं तिला कधी वाटलं नाही. बायका तिला बार्लीचा चहा पाजत, नवऱ्याच्या कागाळ्या सांगत. मुलगी सेबोम लहान होती तेव्हा तिला घरी सांभाळायला कुणी नव्हतं. ती पायरीवर बसून सगळं ऐकत असे.

आता सेबोम सतरा वर्षांची. नोव्हेंबरातली कॉलेजप्रवेशाची परीक्षा झाली आणि तिनं डोळे मोठे दिसावेत म्हणून शस्त्रक्रियेनं पापण्यांवर घडी पाडून घ्यायचा हट्ट धरला. वर्गातल्या निम्म्या मुली तेच करणार होत्या. मेट्रोच्या फलाटावर मोठी जाहिरात लागली होती: 'अभ्यास झाला. आता चेहऱ्याचं काय?'

"तुझे डोळे छान आहेत गं," योंगरान म्हणाली.

"हे तू विकून झाल्यावर म्हणतेस, आई."

शनिवारी दोघी दवाखान्यात गेल्या. वय कमी, म्हणून पालकाची सही लागणार होती. तिथल्या सल्लागार बाईंनी सेबोमकडे प्रेमानं पाहिलं. "डोळे किती थकलेले दिसतात, बाळा." आणि त्या थांबल्या.

बाई फॉर्म आणायला गेल्या, तसं योंगराननं मुलीचं मनगट धरलं. "त्या विचार करत नव्हत्या, सेबोम. मोजत होत्या. आम्हाला शिकवतात तसं. ऊठ, घरी जाऊ."

"माहितेय. मीपण मोजलं."

"मग?"

"मग काय? कळलं म्हणून दिसायचं थांबतं का? मला आरशात थकलेलेच दिसतात." सेबोमचा आवाज खाली आला. "तू सही नाही केलीस तर पुढच्या वर्षी एकटी येईन. एकटीला भीती वाटेल, एवढंच."

बाई परत आल्या. टेबल गुळगुळीत होतं आणि पेन टेकवलं की कागद सरकायचा. सेबोमनं तो दोन्ही तळव्यांनी दाबून धरला, आईची सही होईपर्यंत.