ओल्या मातीला इस्त्री

एवढ्या वर्षांत मी एकदाच वेळेआधी, तोही अर्धा तास, पोहोचलो आणि तिथेच घात झाला.

ओढ्याकाठी एके ठिकाणी खडक आणि पाणी यांच्यामधून जेमतेम दोन हात रुंद वाट जाते. त्या सकाळी ती वाट कुणीतरी इतकी गुळगुळीत करून ठेवली होती, की मला वाटलं, ही पायघडी आपल्यासाठीच. मी ऐटीत नऊ नंबरचे बूट उमटवत पलीकडे गेलो आणि खडकाला पाठ टेकून बसलो. ‘त्या मातीवर कुणीही पाय ठेवू नये’ असा निरोप आदल्या संध्याकाळीच सगळ्यांच्या फोनवर आला होता. पण आलेला निरोप वाचायचा, ही सवय मला कधी लागलीच नाही.

माती सारखी केली होती काकांनी. काका म्हणजे आमच्या गल्लीतले इस्त्रीवाले. जिन्याखालची अरुंद खोली, पलंगाएवढं टेबल, त्यावर चौपदरी जाडजूड चादर आणि दिवसभर वाफ. या वाफेत त्यांची अडतीस वर्षं गेली. कपडा हातात आला की त्यांना माणूस कळतो. एकदा माझा शर्ट उजेडात धरून त्यांनी गंभीरपणे विचारलं होतं, “साहेब, चुण्या सगळ्या पाठीलाच. ऑफिसात काम उताणं करता का?”

गुडघ्यांसाठी सपाटीवर चाला, असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून दर रविवारी रानातले प्राणी-पक्षी ओळखायला जाणाऱ्या आमच्या गटात ते आले. पक्षी त्यांना दिसेपर्यंत उडून जात. ठशांनी मात्र त्यांना वेडच लावलं. चुण्याच त्या, फक्त जमिनीवरच्या!

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी ते ठसे बघत गटाच्या मागे राहिले होते. ओढ्यावर धुकं होतं, त्यांच्या खोलीतल्या वाफेसारखंच, ऊन ऊन वाटावं असं. त्या धुक्यातून एक गोल, ओलं डोकं वर आलं. मिशांवर थेंब. त्याने काकांकडे शांतपणे पाहिलं, गिऱ्हाइकाने कपडे झाले का म्हणून पाहावं तसं, आणि पाण्यावर घडीसुद्धा न पडू देता ते आत गेलं. पाणमांजर! काका किती वेळ उभे होते त्यांनाच ठाऊक. त्या दिवशी घरी त्यांनी एकाच शर्टाला तीनदा इस्त्री केली.

विश्वास कुणी ठेवला नाही. सूनबाई म्हणाली, “बाबा, अडतीस वर्षं वाफेत काढलीत, दिसायचंच काहीतरी!” गटाच्या प्रमुख, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, वहीच्या फार पक्क्या. दोघांनी खूण पाहून सही केल्याशिवाय त्यांच्या वहीत मुंगीही शिरत नसे. त्यात आता ठरलं होतं, की ओढ्याकाठी काही दिसत नाही, तर पुढच्या महिन्यापासून टेकडीवर जायचं. टेकडी चढणं काकांच्या गुडघ्यांना शक्य नव्हतं. हा शेवटचा रविवार. म्हणून शनिवारी संध्याकाळी त्यांनी माती चाळून पसरली, पाणी शिंपडलं आणि फळीने तिला अशी इस्त्री केली, की लग्नाच्या कोटालाही कधी केली नसेल.

आणि तिच्यावरून मी चालत गेलो होतो. खडकापाशी मला डुलकी लागली. झोपेतच कुठेतरी हलकी शीळ वाजली, छपक् झालं, ओला वास आला. मला वाटलं, काका कपड्यांवर पाणी मारताहेत. मी कूस बदलली.

“हा कुणाचा प्रताप?” बाईंच्या आवाजाने जाग आली. सगळा गट मातीपलीकडे उभा राहून माझ्या बुटांकडे बघत होता.

“झालं! आता टेकडीच,” कुणीतरी म्हणालं.

काका गुडघा धरून खाली बसले आणि गाल जवळजवळ मातीला लावून उजेडाकडे तिरपं बघू लागले, शर्टावरची चुणी शोधतात तसे. पाणी वाहत होतं. मग ते हळूच म्हणाले, “बाई, चष्मा लावा. साहेबांच्या टाचेत बघा.”

बाई वाकल्या. “कुत्रं असेल हो.”

“कुत्र्याची चार बोटं. मोजा.”

पाच होती. बोटांमध्ये पातळ पडद्याची पुसट रेघ.

“आधी टाच उमटली, मग हा पंजा. घडीवर घडी,” काका म्हणाले. “साहेब पुढे गेले आणि त्यांच्या मागून ते आलं.”

म्हणजे अर्ध्या तासाच्या आत, माझ्या घोरण्याला वळसा घालून! बाईंनी वही उघडली, लिहिलं, सही केली. “ओढ्याची वाट राहू दे,” एवढंच म्हणाल्या. काकांनी डोळे पुसले. वाफेची सवय म्हणाले.

दुसरी सही करायला मी मातीवरून लगबगीने पुढे झालो. सही ठोकली आणि छाती काढून म्हणालो, “बघा काका, माझा पाय पडला म्हणून तुमचं काम झालं! आता तरी माफ केलंत ना?”

“उजवा उचला, शेपटीच्या खुणेवर उभे आहात.”