बेर्लेवोगला थांबलेलं विमान

कॅप्टन हॉलगेइर नीमू उत्तर टोकाच्या आमच्या बर्फाळ किनाऱ्यावर सव्वीस वर्षं छोटं विमान उडवत होता. गावागावाला टेकत जायचं, तसंच परत यायचं. बेर्लेवोगच्या विमानतळावर तिकिटं, सामान आणि कॉफी, तिन्ही माझ्याकडे. त्यामुळे तो रोजच्या ओळखीचा.

त्या फेब्रुवारीत त्याच्याच विमानात त्याची बायको मॉलफ्रिड होती. खुब्याचं हाड मोडून सहा आठवडे इस्पितळात काढले होते, आता मेहामनला घरी निघाली होती. विमान आमच्याकडे उतरलं आणि बर्फाचं वादळ आलं. उरला होता शेवटचा टप्पा, जेमतेम वीस मिनिटांचा.

हॉलगेइर पहाटे पाचला कामावर आला होता. इतकी लवकर सुरुवात आणि आठ उड्डाणं, म्हणजे कायद्याने नऊच तास. दोनला त्याचा दिवस संपला. अवचित अडचण आली तर कॅप्टनला दोन तास वाढवता येतात, पण ते त्यानेच ठरवायचं, कंपनीने नाही. शिवाय आमच्या कंपनीचा नियम असा, की सोबतच्या प्रत्येकाला आधी बाजूला घेऊन विचारायचं.

पावणेतीनला वादळ ओसरलं. प्रवासी कोट चढवून उभे राहिले.

हॉलगेइरने सहवैमानिक एइरिनला कोपऱ्यात नेलं. "खरं सांग, डोळे जड झालेत?"

"नाही. मी तयार आहे."

हवाईसेविकाही 'तयार आहे' म्हणाली. मग तो माझ्याजवळ येऊन हवामानाचा कागद वाचू लागला. ठेवला, पुन्हा उचलला.

"बॉर्गहिल, वारा किती लिहिलाय गं?"

"आत्ताच तर वाचलास."

"तीनदा वाचला. डोक्यात राहतच नाहीये." त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. मग सगळ्यांकडे वळून म्हणाला, "आज मी उडवणार नाही. दमलोय."

मासळीचा व्यापारी उस्वाल्ड उसळलाच. "अरे, आभाळ निळंशार झालंय! वीस मिनिटांत कोण दमतं? बायकोला घरी न्यायचंय ना तुला?"

"तुलाही घरी पोचवायचंय, उस्वाल्ड. पण काय करू?"

हॉलगेइरचे कान लाल झाले होते. हवा वाईट म्हणून तो अनेकदा थांबला होता. स्वतःसाठी कधीच नाही. मॉलफ्रिडसमोर जाऊन तो खाली मान घालून उभा राहिला.

"तुझा घरचा पलंग आजही नाही मिळायचा."

"ऐकलं मी. बस इथे."

"रागावलीस?"

"मग? दीड महिना विचारतेय, झोपतोस ना नीट? तर म्हणे, मस्त झोपतो. खोटारडा कुठला! बस आता."

तो बसला. पाच मिनिटांत त्याचं डोकं तिच्या खांद्यावर कललं. तिचा खुबा दुखत असणार, पण ती हलली नाही. मी उशी घेऊन गेले, तर तिने हातानेच 'राहू दे' म्हटलं. थोड्या वेळाने उस्वाल्ड उठला आणि आपला कोट त्याच्या गुडघ्यांवर टाकून पुटपुटला, "एवढा घोरतोय म्हणजे खरंच दमलाय बिचारा."

मुख्य कार्यालयातून फोन आला: उड्डाण रद्द, कारण काय लिहू? मी म्हटलं, "कॅप्टन दमलाय, असंच लिहा." तसंच लिहिलं गेलं. पुढे कुणी जाब विचारला नाही.

सगळ्यांची गावातल्या अतिथीगृहात सोय झाली. दुसऱ्या दिवशी, पुरेशी विश्रांती झाल्यावर, हॉलगेइरने विमान मेहामनला नेलं. उतरल्यावर त्याने दोन आठवड्यांची रजा मागितली, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा हिवाळ्यात. त्या रजेत तो मॉलफ्रिडला हाताला धरून रोज धक्क्यापर्यंत चालवत नेत असे, आणि दुपारी दोघंही झोपत.