हैदर आणि डांबराचे ठिपके

मोटारीवरचं डांबर काढायला दोनच गोष्टी लागतात, असं हैदर सांगायचा: गोडं तेल आणि सबुरी. सबुरी त्याची स्वतःची, तेल लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरातलं. "मोटार काय भजी तळती का रे?" असं कुरकुरत त्या वाटी भरून द्यायच्या. लक्ष्मीबाई म्हणजे तात्यासाहेब वकिलांच्या पत्नी, आणि हैदर वकिलांचा ड्रायव्हर.

आधी तो एका जहागीरदाराची गाडी चालवायचा. पोलीस ॲक्शननंतर जहागीरदार हैदराबादला निघून गेले, आणि औरंगाबादेत हैदरला कुणी दारात उभं करेना. तात्यासाहेबांनी काही विचारलं नाही, आपली काळी मोटार त्याच्या हवाली केली. चौदा वर्षांत तिच्यावर नखाएवढा ओरखडा आला नव्हता. हैदरला याचा लई अभिमान. दुसरं होतं तरी काय त्याच्यापाशी अभिमान धरायला?

त्या वर्षी वैजापूरच्या रस्त्यावर डांबर पडायला लागलं. तात्यासाहेबांची तिकडं तारीख असली की मोटार परतायची ती खालून डांबरानं माखून आणि तोंडावर किड्यांचा चिकटा घेऊन. मग हैदरचा सोहळा सुरू. आधी गाडी कडुलिंबाच्या सावलीत. पत्रा निवेपर्यंत हात लावायचा नाही. किड्यांवर जुन्या धोतराचं ओलं फडकं पसरून तो बिडी ओढत बसायचा. किडे भिजून मऊ पडले की नुसते पुसून निघायचे. डांबराच्या ठिपक्यावर तेलाचं बोट ठेवायचं, थांबायचं, फडक्यानं अलगद टिपायचं आणि शेवटी साबणाच्या पाण्यानं तेल धुवायचं. नखसुद्धा लावायचं नाही. तात्यासाहेब ओट्यावरून ओरडायचे, "हैदर, बाळंतिणीला न्हाऊ घालतोयस का?" हैदर हसायचा, पण हात काही घाई करायचा नाही.

मे महिन्यात एकदा वैजापूरहून येता येता त्याला ताप भरला. गाडी तशीच लावून तो घरी गेला. सकाळी अंगात कसकस असतानाच आला आणि बघतो तर काय, बॉनेटचं पार मातेरं! काळ्या रंगाचं तेज गेलेलं, ओरखडेच ओरखडे. खाली राख सांडलेली, शेजारी नारळाची शेंडी. घरची भांडी घासणाऱ्या आवडाबाईनं काल त्याचा तापलेला चेहरा पाहिला होता. पितळेचं पातेलं घासावं तशी तिनं मोटार घासली होती. चौदा वर्षं पाण्यात गेली! हैदरला रडूच आलं.

तेवढ्यात तात्यासाहेब कोर्टाला निघाले. बॉनेट पाहून लालबुंद झाले. "हे कुणी केलं?"

नाव घेतलं तर बाईचं काम आत्ताच्या आत्ता जाईल, हे हैदरला पक्कं ठाऊक होतं. "मीच, साहेब. ताप होता, घाई झाली."

"तू? चौदा वर्षं विश्वास टाकला तो याच्यासाठी? चावी ठेव तिथं. उद्यापासून येऊ नकोस."

हैदरनं चावी ओट्यावर ठेवली. तोच घरातून आवडाबाई आली, हात राखेनं भरलेले, चेहरा फुललेला.

"साहेब, बघितली का मोटार? म्या घासली भल्या पहाटं! हैदरभाऊ तापानं फणफणला व्हता, म्हनलं तेवढंच बिचाऱ्याचं काम हलकं. लख्ख झाली ना?"

तात्यासाहेबांनी तोंड उघडलं. तिच्या पाठीमागं उभा राहून हैदर हात जोडून मान हलवत होता: नको, साहेब, नको. चौदा वर्षांत त्यानं काही मागितलं नव्हतं. तात्यासाहेब त्याच्याकडं बघत राहिले.

"झाली," शेवटी ते म्हणाले. "पण पुन्हा नको करू, आवडाबाई. त्याचं काम त्याला करू दे." मग त्यांनी चावी उचलून हैदरच्या हातात दिली आणि मोटारीत मागं जाऊन बसले.

कोर्टापाशी चार वकील मोटारीभोवती जमले. "अरेरे, तात्यासाहेब! कुणी हो वाट लावली हिची?"

हैदर पुढं सरकला. तात्यासाहेबांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"मीच घासली," ते म्हणाले. "राखेनं." आणि कोट सावरत पायऱ्या चढून गेले.