दोन तिथी

लोक अजून माझ्याबद्दल म्हणतात, मास्तर तत्त्वाचे पक्के. ऐकलं की अंगाची आग होते. त्या तत्त्वापायी माझी म्हातारी आई दोन-दोन दिवस उपाशी राहायची, हे त्यांच्यापैकी कुणाला ठाऊक नाही, कारण मी कधी सांगितलं नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आम्ही तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले मराठी. वडील गेले आणि श्राद्धाच्या दिवसावरून आम्हां भावांचं फाटलं. कुंभकोणमच्या बाजारात दोन पंचांगं मिळत, एक जुन्या गणिताचं, एक नव्याचं. एखाद्या वर्षी दोहोंतली तिथी एका दिवसानं मागेपुढे पडे. मी शाळेत गणित शिकवी. आभाळातल्या चंद्राशी जुळतं ते नवं, हे मी फळ्यावर मांडून दाखवलं असतं. धाकट्याचं जवळच्या पट्टीश्वरमला देवळासमोर पूजेच्या सामानाचं दुकान. तो म्हणे, "बाबांनी जन्मभर जुनं पाहिलं. जेवायला त्यांनाच बोलवायचंय ना, मग त्यांच्या दिवशी बोलवू." मी त्याला चारचौघांत अडाणी म्हणालो. तेव्हापासून श्राद्धं दोन घरी, आणि तिथी फुटली की दोन दिवशी.

आई त्याच्याकडे राही. माझ्या दिवशी मी गाडी पाठवी. पिंडदान होऊन ब्राह्मण जेवून उठेपर्यंत ती पाणी घेत नसे. संध्याकाळी परत, आणि दुसऱ्या दिवशी तिथं पुन्हा तेच.

एकदा मी तिला भटजींसमोर विचारलं, "आई, आज तिथी आहे की नाही?"

"आहे रे बाबा. तुझंच बरोबर."

मग कळलं, धाकट्यालाही तिनं तेच सांगितलं. मी तणतणत पट्टीश्वरमला गेलो. "दोघांचं बरोबर कसं असेल? एकाचं नाव घे."

"ते एकदाच गेले रे," ती म्हणाली. "तुम्ही दोघं त्यांना दोनदा मारता."

पुढं तिथी फुटली तेव्हा मी माझ्या दिवशी गप शाळेत गेलो आणि दुसऱ्या दिवशी पट्टीश्वरम गाठलं. धाकटा पाटावर बसला होता.

"वांगो सार, वांगो," या साहेब, या, असं तो तमिळमध्ये म्हणाला, दुकानात गिऱ्हाइकाला म्हणावं तसं. घरात आम्ही मराठीच बोलत असू. "आज चंद्र चुकला वाटतं?"

तिथी कालच संपली होती. उत्तर ओठांवर होतं. मी सदरा खुंटीला लावला आणि विहिरीवर गेलो. ओलेत्यानं आलो तर पाट रिकामा.

"बस," तो म्हणाला. "मोठा तू आहेस."

श्राद्ध उरकलं. आईचं पान वाढता वाढता भावजय मला म्हणाली, "काल गाडी येईल म्हणून दुपार टळेपर्यंत ओट्यावर बसून होत्या. पाण्याचा थेंब नाही घेतला."

निरोप मी पाठवला नव्हता. पाठवला असता तर हरलो असं झालं असतं. पुढं लोकांनी माझ्या या जाण्यालाही मोठेपणा म्हटलं.

"आई," मी म्हणालो.

"आता बोलू नकोस," ती म्हणाली. "जेवू दे मला."