गिरडच्या पायथ्याशी बंद केलेला ट्रक

गिरडच्या दर्ग्याला जायचं असेल तर बापहो, एसटीने जा. समुद्रपूरच्या स्टँडवर गरम आलूबोंडा खा, तिकीट किरकोळ आहे, रस्ताही आता बरा. ऐंशीच्या सुमारास आम्ही गेलो ते आमच्याच ट्रकने, आणि त्या प्रवासाचं नाव काढलं की आजही माझं डोकं सणकतं.

ट्रक माझ्या वडिलांचा, म्हणजे नानांचा. लष्कराच्या लिलावातला, त्यांच्या लग्नाच्याही आधीचा. इंजिन ठणठणीत, पण बॅटरी भरणारा डायनामो रोज नवं सोंग काढायचा. नाना त्याचे कार्बन घासत, पट्टा ताणत, वायरी पुसत बसायचे. भागीदार असलेले काका पार कंटाळले होते. शेवटी दोघा भावांत ठरलं: गिरडला जाऊन यायचं. गाडी स्वतःच्या दमावर घरी आली तर ठेवायची, बैलं जुंपायची पाळी आली तर भंगारात.

सकाळी समुद्रपुरातून निघालो. नाना खुशीत होते. दोन्हीकडे कापूस फुटलेला, रस्त्यात कुठे खडी, कुठे नुसते खड्डे. समोरचा चार्जिंगचा काटा उजवीकडे होता. एका जोरदार दणक्यानंतर तो डावीकडे पडला. म्हणजे बॅटरी भरत नव्हती, रिकामी होत होती.

"नाना, आता इंजिन बंद करू नका," मी म्हणालो. मी तेव्हा कॉलेजात होतो.

पण आमच्या घरची रीत अशी की दर्ग्याच्या टेकडीखाली गाडी बंद करायची, बॉनेटपुढे नारळ फोडायचा, मगच वर चढायचं. काकासुद्धा म्हणाले, "राहू दे चालू, दादा. वरच्याले समजते."

"त्याच्यासमोर घुरघुरत ठेवू काय गाडी?" म्हणत नानांनी चावी फिरवली.

दर्शन करून उतरलो तर स्टार्टर टक् करून गप्प. हँडल मारलं, धक्का दिला, दुकानदार लागले, भाविक लागले. बॅटरीत ठिणगीपुरताही जीव नव्हता. अखेर दोन बैलजोड्या आणाव्या लागल्या. समुद्रपुरात शिरताना टपरीवरून एकाने विचारलं, "काऊन नाना, पेट्रोल लय महाग झालं काय?" त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं मला. नाना स्टिअरिंग धरून समोर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी नानांना डायनामोमागची सैल वायर सापडली. बस, एवढंच. वायर आवळली, बॅटरी बाहेरून भरून आणली, काटा उजवीकडे. काकाच म्हणाले, "जाऊ दे दादा, नको विकू."

"मी बोललो होतो. बैलं लागली, आता भंगारात," नाना म्हणाले.

मी भांडलो, रडलो, काही उपयोग झाला नाही. त्या प्रवासातून काय उरलं म्हणाल, तर मी अजून गिरडला जातो, नारळ फोडतो, पण मागावंसं काही वाटत नाही.

भंगारवाला आला तेव्हा ट्रक पहिल्या झटक्यात सुरू झाला. नाना खिडकीशी उभे राहून त्याला समजावू लागले, पट्टा बोटाने दाबून पाहजो, कार्बन झिजले काय तेही पाहजो.

"नाना, मले फक्त लोखंड पाह्यजे," तो म्हणाला. "उद्या तोडून टाकतो."

"हो," नाना म्हणाले. "पण महिन्यातून एकदा डायनामोत दोन थेंब तेल सोडजो."